सोबत कोणी नाही म्हणून थांबू नका

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मंगरुळपीर तालुक्यातील एका खेड्यातून एक बाई माझ्या दवाखान्यात आल्या. वय चोपन्न. डाव्या स्तनात गाठ होती. तपासता तपासता मी विचारले, "ही कधीपासून आहे?"

"शिमग्यापासून."

"मग इतके दिवस काय केलंत?"

"मॅडम, आनायलेच कोनी नव्हतं. पोरगा पुन्याले, सून लेकरायच्या मांगं, अन् मालक सोयाबीनच्या सोंगनीत. मंग म्या एकटी कशी येऊ?"

म्हणजे आठ महिने गेले. गाठ दुखत नव्हती, त्यामुळे घरात कोणाला घाई वाटली नाही. वास्तविक स्तनातील कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. त्यांच्या गावाला एस.टी. येते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना राज्य परिवहनच्या सर्व गाड्यांमध्ये अर्धे तिकीट आहे. पैसे नव्हते असेही नाही. रस्ता होता, गाडी होती, तिकिटापुरते पैसे होते. नव्हती ती फक्त 'सोबत'.

मी त्यांच्यावर रागावले. अकोल्याला पुढील तपासणीसाठी चिठ्ठी दिली आणि "आता एक दिवसही थांबू नका" असे बजावले. त्या गेल्या आणि मला एक जुनी गोष्ट आठवली. तेव्हा माझे वय एक्कावन्न होते. छत्रपती संभाजीनगरला डॉक्टरांची दोन दिवसांची परिषद होती. नाव नोंदवून झाले होते. निघायच्या आदल्या दिवशी यजमानांना ताप आला. ताप साधाच होता, मुलगा घरी होता. तरी मी परिषद रद्द केली. कारण काय, तर सोबत नाही! शिकलेली, कमावती, रोज पन्नास रुग्ण पाहणारी डॉक्टर बाई एकटीने गाडीत बसायला घाबरली. मग त्या खेड्यातल्या बाईंवर रागावण्याचा मला काय अधिकार होता?

म्हणून आज या सदरात गोळ्या-औषधांऐवजी प्रवासाबद्दल लिहीत आहे. चाळिशी-पन्नाशीत माणसाने, विशेषतः बाईने, एकटीने प्रवास करायला शिकले पाहिजे. ही चैन नाही. रक्तदाब तपासून घेण्याइतकीच ती आरोग्याची गरज आहे, असे माझे मत आहे.

वाचक म्हणतील, प्रवासाचा आणि आरोग्याचा काय संबंध? संबंध सरळ आहे. उशिरा येणाऱ्या रुग्णांना उशिराचे कारण विचारले, तर पैशाच्या खालोखाल एकच उत्तर मिळते: "कोणी आणणारे नव्हते." पाळी बंद होऊन वर्ष-दोन वर्षे झाल्यावर पुन्हा रक्त गेले, तर ते लगेच तपासायला हवे. बाई मात्र मुलाच्या सुट्टीची वाट पाहते. मोतीबिंदू पिकतो, कारण शिबिराला नेणारा जावई कामात असतो. रक्तदाबाची गोळी संपते आणि पुढच्या बाजारापर्यंत तशीच राहते. तिसाव्या वर्षापासून पुढे सर्वांची रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तपासणी व्हावी, असा शासनाचा कार्यक्रम आहे. पण कार्यक्रम गावाच्या जवळ आला, तरी बाईला उंबरठा स्वतःच ओलांडावा लागतो.

या वयाची आणखी एक अडचण असते. साधारण ४५ ते ५० च्या दरम्यान पाळी जाते. झोप मोडते, अंगातून वाफा निघतात, चिडचिड होते. याच सुमारास मुले शिक्षणाला किंवा नोकरीला बाहेर जातात. पंचवीस वर्षे ज्या घरात क्षणाची उसंत नव्हती, ते दुपारी बारा वाजता शांत होते. अशा किती तरी बाया "छातीत धडधडते" म्हणून माझ्याकडे येतात. हृदयाचा आलेख काढावा तर तो बहुतेकींचा ठीक असतो. (आलेख काढल्याशिवाय मात्र "मनाचे आहे" असे कोणीही ठरवू नये.) त्यांना औषधापेक्षा आपल्या हाताने काही ठरवण्याची, काही निभावून नेण्याची सवय हवी असते. मन खचले असेल तर उपचार घ्यावेतच, प्रवास हा त्याचा पर्याय नाही. पण "माझ्याने होते" हा अनुभव या वयात फार मोलाचा असतो, आणि तो घरात बसून मिळत नाही.

त्या परिषदेची चुटपुट मनात होतीच. पुढच्याच वर्षी, बावन्नाव्या वर्षी, मी एक दिवस ठरवून लोणारला गेले. वाशिमहून रिसोड, तिथे गाडी बदलून लोणार. एवढ्याशा प्रवासाची आदल्या रात्री झोप लागेना, हे लिहिताना आज हसू येते. कंडक्टरने विचारले, "किती?" मी म्हटले, "एक." त्याने पुन्हा विचारले, "एकच का ताई?" त्या दिवसभरात "एकट्याच आल्या का?" हा प्रश्न मला सहा जणांनी विचारला. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. एका आजीने तर जवळ बसवून भाकर दिली. उल्का पडून बसाल्ट खडकात झालेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातले ते सरोवर पाहायला जगभरातून लोक येतात. २०२० मध्ये रामसर यादीत त्याची नोंद झाली. आणि मी एवढ्या जवळ राहून ते आधी फक्त एकदा पाहिले होते, तेही शाळेच्या सहलीत. त्या दिवशी काठावर दोन तास बसले. कोणाला भूक लागली, कोण कंटाळले, कोणाची चप्पल तुटली, हे पाहायचे नव्हते.

फजितीही झाली. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने मी सकाळपासून पाणीच प्यायले नव्हते. रोज रुग्णांना "पाणी प्या" सांगणारी मी! संध्याकाळी डोके ठणकू लागले, परतीची एक गाडी चुकली आणि दोन दिवस लघवीला जळजळ झाली. हा धडा पुढे सूचनांत येईलच. पण घरी आल्यावर जे वाटले ते सांगते. गाडी चुकली, तर दुसरी मिळाली. दुसरी कधी आहे, हे मी चौकशीच्या खिडकीवर विचारले. एवढेच. पण हे "एवढेच" पन्नास वर्षे माझ्यासाठी दुसरे कोणी तरी करत होते.

आपल्याकडे बायका प्रवास करत नाहीत असे मुळीच नाही. शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी रिसोडमार्गे पंढरपूरला जाते. तिच्यात डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या पन्नाशी-साठीच्या बाया आपण दरवर्षी पाहतो. शेतमजूर बाई पहाटे अंधारात परगावच्या शेतावर जाते, भाजी विकणारी आठवडी बाजार गाठते. तिला कोणी विचारत नाही, "एकटीच चाललीस का?" पोटासाठी गेले तर चालते, देवासाठी गेले तर चालते. स्वतःसाठी, स्वतःच्या तब्येतीसाठी किंवा चार घटका मोकळे बसण्यासाठी निघाले, की लगेच प्रश्न उभा राहतो. म्हणजे अडचण वाटेतल्या धोक्याची जितकी आहे, तितकीच आपल्या समजुतीची आहे.

या संदर्भात पार्वतीबाई आठवले यांची आठवण करून द्यावीशी वाटते. त्यांचा जन्म १८७० चा, कोकणातल्या देवरुखचा. महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया यांच्या त्या धाकट्या भगिनी. ऐन तारुण्यात वैधव्य आले, पदरात एक मुलगा. लिहिणे-वाचणे त्या मोठेपणी शिकल्या आणि हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी जमवू लागल्या. पुढे इंग्रजी यावे आणि संस्थेला मदत मिळावी म्हणून १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी जुजबी होते, गाठीला फार पैसा नव्हता. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून त्या राहिल्या आणि १९२० मध्ये परतल्या. 'माझी कहाणी' हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ चे. त्या काळी विधवेने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणेही लोकांना खपत नव्हते. तेव्हा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एक मराठी बाई समुद्रापलीकडे गेली. आज हातात मोबाईल असताना आपल्याला वाशिमहून अकोला दूर वाटावे, हे बरोबर नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सुरक्षेचा. तो खोटा नाही. वाईट माणसे आहेत, अडचणीच्या वेळा आहेत. पण त्यावर उपाय प्रवास टाळणे हा नसून तयारीने प्रवास करणे हा आहे. दिवसाची गाडी धरावी. मुक्कामाचे ठिकाण आधी ठरवावे. कोणत्या गाडीत बसलो, हे घरी कळवावे. ११२ हा आपत्कालीन मदतीचा, १०८ रुग्णवाहिकेचा आणि १३९ रेल्वेचा क्रमांक पाठ असावा. एकट्या महिला प्रवाशांची विचारपूस करण्यासाठी रेल्वे सुरक्षा बलाची 'मेरी सहेली' ही योजना २०२० पासून आहे. आणखी एक सवलत फार थोड्यांना ठाऊक आहे. एकटीने किंवा दोघींनी प्रवास करताना ४५ वर्षांवरील महिलांना रेल्वेत खालचा बर्थ मिळावा म्हणून राखीव कोटा असतो. तिकीट काढताना तो मागून घ्यावा. गुडघे दुखणाऱ्या बाईला वरच्या बर्थवर चढण्याची शिक्षा नको.

दुसरा आक्षेप, "लोक काय म्हणतील?" माझ्या अनुभवात लोक तीन दिवस बोलतात. चौथ्या दिवशी त्यांतलीच एक हळूच विचारते, "गाडी किती वाजता असते हो?"

तिसरा आक्षेप घरातून येतो, "तुला काय कमी आहे म्हणून एकटी निघालीस?" याला उत्तर असे की घरावर रागावून जायचे नाही, घराला सांगून जायचे आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा यजमान दिवसभर अस्वस्थ होते. आता तेच मला गाडीची वेळ पाहून देतात.

पुरुष वाचकांनी हे वाचून हसू नये. त्यांचेही एकटेपण असते, फक्त ते वेगळ्या जागी दिसते. अठ्ठावन्न-साठ वर्षांचे सेवानिवृत्त गृहस्थ तपासणीला येतात. "कोणत्या गोळ्या चालू आहेत?" असे विचारले की मागे वळून पत्नीकडे पाहतात. पत्नी आली नसेल, तर उत्तर ठरलेले: "एक पांढरी आहे, एक गुलाबी." हे गृहस्थ मुंबईपर्यंत एकटे जातील, पण गोळ्यांची पिशवी भरून दिली नाही तर तिथे दोन दिवस गोळीविना राहतील. उद्या पत्नी आजारी पडली किंवा आधी गेली, तर त्यांनी काय करावे? स्वतःची पिशवी स्वतः भरणे हा पुरुषांसाठी एकट्याच्या प्रवासाचा पहिला धडा आहे.

आता तब्येतीच्या दृष्टीने काही सूचना देते. या कात्रणासारख्या कापून ठेवल्या तरी चालतील.

१) निघण्यापूर्वी एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. छातीत दुखणे, चालताना दम लागणे, चक्कर किंवा फिट येणे असे काही अलीकडे झाले असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय एकट्याने निघू नका.

२) औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत किंवा टपावर जाणाऱ्या सामानात नको. जितके दिवसांचा प्रवास, त्यापेक्षा दोन-तीन दिवसांच्या गोळ्या जास्त घ्या. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या.

३) एका कागदावर नाव, वय, आजार, चालू औषधे, कशाची अ‍ॅलर्जी आणि घरचे दोन फोन क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून पाकिटात ठेवा. मोबाईलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

४) मधुमेह असणाऱ्यांनी जेवणाची वेळ फार लांबवू नये. हातपाय थरथरणे, घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्यावे आणि नंतर काही खावे. साखरेची पुडी पदराशी असावी. इन्सुलिन उन्हात तापणाऱ्या खिडकीजवळ ठेवू नये. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात तर मुळीच नाही.

५) पाणी बंद करू नका. थोडे थोडे प्या, आणि जिथे स्वच्छतागृह मिळेल तिथे गरज वाटली नाही तरी जाऊन या. लघवी तासन् तास अडवून धरल्याने जंतुसंसर्ग होतो. माझी फजिती वर सांगितलीच आहे.

६) सलग बसून राहू नका. चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केला, तर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले. निरोगी माणसात हे प्रमाण सुमारे ६,००० मध्ये एक इतके कमी आहे, त्यामुळे घाबरू नये. पण गाडी थांबली की उतरून चार पावले चालावे आणि बसल्या जागी पावले वर-खाली हलवावीत. प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली किंवा दुखली, तर तातडीने डॉक्टरांना दाखवावे.

७) गाडी लागत असेल तर त्यावरची गोळी उलटी झाल्यावर घेऊन उपयोग नाही. निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्यावी. तिने झोप येते, तेव्हा सामान सांभाळावे.

सुरुवात लांबच्या प्रवासाने करू नका. पहिल्यांदा तालुक्याच्या गावी जा, तेही स्वतःच्याच एखाद्या कामासाठी. चष्म्याचा नंबर काढा किंवा बँकेत पासबुक भरून आणा. मग कारंजा, शिरपूर, पोहरादेवी असे एका दिवसात जाऊन येण्याजोगे ठिकाण निवडा. त्यानंतर एक मुक्काम करा. ज्यांना हौस आहे त्यांनी पुढे अमरावती-तिरुपती गाडी धरावी, ती आपल्या वाशिम स्टेशनवरूनच जाते. ज्यांना तेवढी हौस नाही त्यांनी अकोल्याच्या दवाखान्यापर्यंत जाण्याइतकी सवय ठेवली तरी माझे समाधान आहे. एकट्याने जाता येणे आणि नेहमी एकट्यानेच जाणे, यांत फरक आहे. सोबत असेल तर आनंदच आहे. पण सोबत नाही म्हणून तपासणी थांबू नये, उपचार थांबू नयेत.

सुरुवातीला सांगितलेल्या बाईंचे काय झाले, असे वाचक विचारतील. गाठ कर्करोगाची निघाली. शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचार सुरू आहेत. आठ महिने आधी आल्या असत्या तर उपचार थोडक्यात आटोपले असते का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण लवकर निदान झालेल्या स्तनाच्या कर्करोगात गुण येण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते, हे निश्चित. पहिल्या दोन खेपांना मुलगा रजा काढून पुण्याहून आला. तिसऱ्या खेपेला त्याला रजा मिळाली नाही. त्या पुतणीला सोबत घेऊन गेल्या. परवा माझ्याकडे टाके दाखवायला आल्या, तेव्हा बाकावर शेजारी कोणीच नव्हते.

मी विचारले, "आज कोण आलं सोबत?"

"कोनी नाही. सकाळच्या गाडीनं आली, दुपारच्या गाडीनं जातो." मग थोडे थांबून म्हणाल्या, "भेव लागलं मॅडम. पन आली."

भीती वाटणे हा आजार नाही. ती मलाही वाटली होती. या आठवड्यात आपल्या स्वतःच्या एखाद्या कामासाठी एकट्याने घराबाहेर पडा, आणि राहून गेलेली एखादी तपासणी असेल तर तेच काम आधी करा.

(पुढील आठवड्यात: हिवाळ्यातील गुडघेदुखी)